शाळेची सहल आणि आपल्या मुलांची श्रद्धा



दिवाळीची सुट्टी संपून शाळा पुन्हा सुरू झाल्या की मुलांच्या दप्तरातून सहलीचे कागद घरी येऊ लागतात. गेल्या वर्षी असाच एक कागद आमच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात आला. रविवारची मिस्सा झाली, वर्ग सुटला, मुले बाहेर खेळायला पळाली. पण सातवीतली एक मुलगी बाकावरून उठेना. तिच्या हातात घडी घातलेले संमतीपत्र होते. शाळेची एक दिवसाची सहल देहू आणि आळंदीला जाणार होती. मराठीच्या तासाला संतांचे अभंग शिकवले जातात, तर ती ठिकाणेही मुलांनी पाहावीत, असा शाळेचा हेतू होता.

तिने आम्हांला विचारले, "टीचर, समाधीच्या रांगेत सगळ्या जणी हात जोडतील. तेव्हा मी काय करायचं?"

घरी काय झाले ते तिने हळूहळू सांगितले. पप्पा म्हणाले, "सही करतो, जा. उगाच वर्गात वेगळं दिसायला नको." मम्मी म्हणाली, "जा, पण प्रसाद खाऊ नकोस." आजी म्हणाली, "अजिबात जायचं नाही." तिघांनी तीन उत्तरे दिली. "तुला काय वाटतं?" असे मात्र तिला कोणीच विचारले नव्हते. खरे सांगायचे तर आम्हीही लगेच विचारले नाही. आम्हीही आधी उत्तरच शोधू लागलो.

नंतर आम्ही पुष्कळ विचार केला, बायबल उघडले, फादरांशी बोललो. त्यातून जे हाती लागले ते आज आपल्यापुढे ठेवत आहोत.

आपल्या भागातील सहली

आपल्यापैकी अनेकांची घरे मूळची संगमनेर, श्रीरामपूर, राहुरी, जालना या बाजूची. कारखान्यांतील कामाच्या ओढीने आपण पिंपरी, भोसरी, चाकण येथे आलो. गावी आपली वस्ती एकत्र होती, शेजारी चर्च होते. येथे सोसायटीत किंवा चाळीत आपले एखादेच कुटुंब असते आणि वर्गात आपले मूल बहुधा एकटेच ख्रिस्ती असते. म्हणून सहलीचा हा प्रश्न गावापेक्षा येथे अधिक टोचतो.

बहुतेक सहलींत अडचण काहीच नसते. चिंचवडचे सायन्स पार्क असो किंवा चाकणचा संग्रामदुर्ग, मुलांनी तेथे जरूर जावे. १६६० मध्ये फिरंगोजी नरसाळा यांनी शायिस्तेखानाच्या प्रचंड फौजेपुढे चाकणचा हा छोटा भुईकोट सुमारे दोन महिने लढवला. चाकणमध्ये राहणाऱ्या मुलाला एवढे तरी ठाऊक असावे.

प्रश्न येतो तो इतिहास, साहित्य आणि पूजा एकाच ठिकाणी असतात तेथे. कार्ल्याला सहल जाते ती दोन हजार वर्षांपूर्वीची बौद्ध लेणी पाहायला. पण लेण्याच्या दारातच एकवीरा देवीचे मंदिर आहे. देहूला गाथा मंदिराच्या भिंतींवर तुकाराम महाराजांचे अभंग कोरलेले आहेत. ते वाचणे म्हणजे मराठीचाच धडा. आळंदीला ज्ञानेश्वर महाराजांनी १२९६ मध्ये समाधी घेतली. ते स्थान मराठी भाषेच्या इतिहासाचे आहे आणि वारकऱ्यांच्या भक्तीचेही आहे. अशा जागी मुलाने अभ्यासक म्हणून कोठवर जावे आणि कोठे थांबावे?

आजीचे 'नाही'

आजीच्या नकारामागे केवळ धर्माचा नियम नव्हता. तिच्याशी बोललो तेव्हा ती म्हणाली, "आमच्या आज्याला गावच्या देवळाची पायरी चढू दिली नाही. आता तिथं नात रांगेत उभी करता?" पंढरपूरचे विठ्ठल मंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींना मे १९४७ मध्ये दहा दिवस उपोषण करावे लागले. हा इतिहास फार जुना नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांचे असे दुःख "जुने विचार" म्हणून झटकू नये. ते आधी पूर्ण ऐकून घ्यावे. मुलांनीही ते ऐकावे, कारण तो त्यांच्याही घराण्याचा इतिहास आहे. मग मुलीसाठी आज काय योग्य, याचा विचार करावा.

पवित्र शास्त्रातील तीन माणसे

पहिला संत पौल. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या १७ व्या अध्यायात तो अथेन्स शहरात आला आहे. शहर मूर्तींनी भरलेले पाहून तो अस्वस्थ झाला. तरी त्याने डोळे मिटून घेतले नाहीत. त्याने तेथील पूजास्थाने फिरून, लक्ष देऊन पाहिली. 'अज्ञात देवाला' अर्पण केलेली वेदी त्याला दिसली आणि तेथूनच त्याने अथेन्सकरांशी बोलणे सुरू केले. त्यांच्या कवींचाही त्याने आधार घेतला. म्हणजे पाहणे आणि पूजा करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या मराठी ख्रिस्ती परंपरेतही याचे उदाहरण आहे. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेले कवी नारायण वामन टिळक आपण तुकारामांच्या वाटेने ख्रिस्ताकडे आलो, असे मानत. देहूची सहल आपल्याला परकी वाटण्याचे कारण नाही.

दुसरा दानीएल. त्याच्या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात तो व त्याचे मित्र बाबेलच्या राजवाड्यात शिकायला ठेवलेले तरुण आहेत. राजाच्या ताटातील अन्न आपल्याला चालणार नाही, हे दानीएलाने मनाशी ठरवले. मग त्याने आरडाओरड केली नाही. अधिकाऱ्याला अडचणीत न आणता त्याने नम्रपणे विनंती केली आणि दहा दिवस भाजीपाला व पाणी देऊन पाहा, असा मार्गही सुचवला. येथे क्रम महत्त्वाचा आहे: निश्चय आधी, विनंती नंतर, आणि विनंतीबरोबर पर्याय.

तिसरा नामान, अरामाच्या राजाचा सेनापती. कुष्ठरोगातून बरा झाल्यावर त्याने इस्राएलच्या देवाला मानले. पण एक काटा मनात राहिला. राजा रिम्मोनच्या देवळात जाताना त्याच्या हाताचा आधार घेत असे आणि राजा वाकला की नामानलाही वाकावे लागे. याची क्षमा होईल ना, असे त्याने अलीशा संदेष्ट्याला विचारले. अलीशाने त्याला झिडकारले नाही, शांतीने निरोप दिला. (२ राजे, अध्याय ५) हा प्रसंग दुसऱ्या देवाच्या उपासनेचा परवाना नाही. परंतु कर्तव्यामुळे अवघड जागी उभ्या राहिलेल्या माणसाचे मन परमेश्वराला दिसते, एवढे तो नक्की सांगतो.

पाहणे, मान राखणे, उपासना करणे

या तिघांवरून आम्हांला एक साधी विभागणी सुचली. ती मुलांच्या चटकन लक्षात येते.

पाहणे म्हणजे जागा बघणे, शिलालेख वाचणे, मार्गदर्शकाचे ऐकणे, वहीत टिपणे. यात संकोच नको.

मान राखणे म्हणजे चप्पल बाहेर काढणे, शांत राहणे, सांगितले तर डोके झाकणे, कोणाच्या भक्तीची चेष्टा न करणे. हेही सर्व करावे. आपल्या चर्चमध्ये येणाऱ्या पाहुण्यांकडून आपण हीच अपेक्षा ठेवतो. हरेगावला मतमाउलीच्या यात्रेत किती तरी हिंदू बांधव श्रद्धेने येतात. त्यांचे वागणे आठवावे.

उपासना करणे म्हणजे आरती म्हणणे, पूजेत भाग घेणे, देव मानून नमन करणे. येथे आपल्या मुलाने थांबावे. आपली उपासना एका परमेश्वराची, प्रभू येशू ख्रिस्ताद्वारे.

या दोहोंच्या सीमेवर काही गोष्टी राहतात. आपल्याकडे हात जोडणे हा पूजेचा भाग आहे, तसा दारात आलेल्या पाहुण्याला केलेला नमस्कारही आहे. ज्याने मराठीला एवढे मोठे धन दिले त्या संताविषयी आदर म्हणून कोणी हात जोडले, तर ती मूर्तिपूजा झाली असे आम्ही म्हणणार नाही. पण मुलाच्या मनाला ते पटत नसेल, तर त्याने सरळ, शांत उभे राहावे. तेही आदराचेच आहे.

प्रसादाचे काय? संत पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या ८ व्या व १० व्या अध्यायांत मूर्तींना दाखवलेल्या अन्नाचा प्रश्न सविस्तर हाताळला आहे. मूर्ती म्हणजे काहीच नाही आणि परमेश्वर एकच आहे, हे तो ठामपणे सांगतो. बाजारातील अन्न खाताना उगाच चौकशा करू नयेत असेही म्हणतो. परंतु हे अर्पण केलेले आहे असे कोणी मुद्दाम सांगितले, तर त्याच्या विवेकाचा विचार करून खाऊ नये, असे तो बजावतो. म्हणून मुलांना आम्ही सांगतो: प्रसाद नको असेल तर हसून "नको, धन्यवाद" म्हणावे. कोणी हातावर ठेवलाच, तर तो फेकू नये, नाक मुरडू नये, मैत्रिणीला द्यावा. आपणही ख्रिस्तप्रसाद सर्वांना देत नाही आणि त्यात कोणाचा अपमान मानत नाही. तर मग आपला नकार समोरच्याला अपमान वाटू नये, ही काळजी आपणच घ्यायला हवी.

ख्रिस्तसभा आणि आपले संविधान

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये दोन गोष्टी शेजारी शेजारी मांडल्या. इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे ते ख्रिस्तसभा नाकारत नाही, हे 'नोस्त्रा एताते' या जाहीरनाम्यात सांगितले. आणि धर्माच्या बाबतीत कोणावरही बळजबरी होऊ नये, मुलांना आईवडिलांच्या श्रद्धेविरुद्ध धर्मपाठ घ्यायला लावू नये, हे धर्मस्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात सांगितले. आदर आणि स्वातंत्र्य दोन्ही हवीत.

आपल्या देशाचे संविधानही या बाबतीत स्पष्ट आहे. अनुच्छेद २५ प्रत्येकाला सद्सद्विवेकाचे स्वातंत्र्य देतो. अनुच्छेद २८ च्या तिसऱ्या खंडानुसार, सरकारमान्य किंवा सरकारी अनुदान घेणाऱ्या शाळेत कोणालाही धार्मिक शिक्षण घेण्याची किंवा उपासनेला हजर राहण्याची सक्ती करता येत नाही. विद्यार्थी अज्ञान असेल तर पालकाची संमती लागते. हा नियम सर्व धर्मांच्या मुलांसाठी आहे, तसाच आपल्या शाळांनाही लागू आहे.

दोन खटले माहीत असावेत. १९८५ मध्ये केरळमधील एका शाळेने यहोवाचे साक्षीदार या पंथाच्या तीन भावंडांना काढून टाकले. राष्ट्रगीताच्या वेळी ती आदराने उभी राहत, पण आपल्या श्रद्धेमुळे गात नसत. आपण राष्ट्रगीत अभिमानाने गातो, आपली भूमिका वेगळी आहे. तरी ११ ऑगस्ट १९८६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या मुलांच्या बाजूने निकाल दिला. आदराने उभे राहणाऱ्याने अनादर केला असे म्हणता येत नाही, हा त्यातील गाभा. दुसरा खटला आपल्या नाशिकचा. एका शिक्षकाने शाळेच्या प्रार्थनेत हात जोडायला नकार दिला आणि त्याचा वेतनाचा लाभ अडला. २०१३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हात जोडण्याची सक्ती करता येणार नाही, असे ठरवले.

ही माहिती कोर्टात जाण्यासाठी देत नाही. आपण शाळेत भीत भीत बोलतो, जणू काही मेहेरबानी मागत आहोत. तशी गरज नाही. मागणे न्याय्य असले की आवाज चढवावा लागत नाही.

शाळेशी कसे बोलावे

फेब्रुवारी २०१६ मध्ये पुण्याच्या एका महाविद्यालयाचे विद्यार्थी मुरुडच्या समुद्रात बुडून मरण पावले. त्यानंतर सहलींचे नियम अधिक कडक झाले. घरी येणाऱ्या संमतीपत्रात आजार, औषधे, फोन नंबर यांसाठी जागा असते. मुलाच्या श्रद्धेसाठी रकाना नसतो. तो आपणच करावा. सहीच्या खाली दोन ओळी पुरेत: "आमची मुलगी सहलीला आनंदाने येत आहे. आम्ही ख्रिस्ती आहोत. पूजा किंवा आरतीच्या वेळी तिला शांतपणे बाजूला उभे राहू द्यावे, ही विनंती."

हे सहलीच्या आठ दिवस आधी सांगावे. बस सुटताना वर्गशिक्षिकेला गाठू नये. त्या वेळी त्यांच्यापुढे पन्नास मुलांची हजेरी असते. आईवडिलांपैकी कोणाची शिफ्ट अडत असेल तर चिठ्ठी द्यावी, फोन करावा. बहुतेक शिक्षक समजून घेतात. त्यांना कोणी सांगितलेलेच नसते, ही खरी अडचण.

सहल रविवारी असेल तर शनिवारी संध्याकाळच्या मिस्साला सहकुटुंब यावे. त्याने रविवारचे कर्तव्य पूर्ण होते. तेही जमत नसेल तर फादरांना आधी सांगावे. प्रायश्चित्तकाळातील शुक्रवारी सहल असेल तर लक्षात ठेवावे, की मांसवर्ज्याचा नियम चौदा वर्षे पूर्ण झालेल्यांना लागू होतो. लहान मुलांनी तो प्रेमाने पाळावा, पण सहलीच्या जेवणात चुकून मोडला म्हणून त्यांना धाक घालू नये.

आपल्याही शाळा आहेत

आपल्या धर्मसंस्थांच्या शाळांत बहुसंख्य मुले हिंदू, बौद्ध, मुस्लिम, जैन घरांतील असतात. नाताळात त्यांना गव्हाणी दाखवायला चर्चमध्ये नेतात, तेव्हा एखाद्या मुलाच्या मनात आपल्या या मुलीसारखाच प्रश्न उभा राहत असेल. त्याला आपण विचारतो का? त्याच्या पालकांची संमती घेतो का? जुलै २०२३ मध्ये आपल्या शेजारी, तळेगाव दाभाडे परिसरातील एका शाळेत, सकाळची प्रार्थना ख्रिस्ती वळणाची आहे अशा तक्रारीवरून जमाव शिरला आणि प्राचार्यांना मारहाण झाली. मारहाणीचे समर्थन कोणीही करू शकत नाही. पण आपल्या मुलीसाठी जे मागतो ते दुसऱ्याच्या मुलीला आपण होऊन द्यावे, ही प्रभू येशूची शिकवण त्या घटनेआधीही होती आणि नंतरही आहे.

मुलाचे मन कोणाचे?

संत लूक सांगतो, की येशू बारा वर्षांचा असताना आईवडिलांबरोबर यरुशलेमला गेला आणि परतीच्या वाटेवर त्यांना तो दिसेना. तीन दिवसांनी तो मंदिरात गुरुजनांमध्ये बसलेला, ऐकत आणि प्रश्न विचारत असलेला सापडला. मरियेने त्याला जाब विचारला, पण त्याचे उत्तरही ऐकले आणि ते मनात जपून ठेवले. मग तो त्यांच्याबरोबर घरी गेला आणि त्यांच्या आज्ञेत राहिला. आपली सातवीतली मुले याच वयाची. आज्ञेत राहण्याचे हे वय आहे, तसेच स्वतःच्या मनाने परमेश्वरासमोर उभे राहायला शिकण्याचेही आहे.

संमतीपत्रावर सही आईवडिलांची असते. रांगेत उभे मूल असते. त्याला काय पटते हे घरीच विचारले नाही, तर ते रांगेत शेजारच्याकडे पाहून ठरवील. काही मुलांचे मन आईवडिलांपेक्षा हळवे असते. आईवडील म्हणतात "जा", आणि मूल म्हणते "मला नको वाटतं". अशा मुलाला "एवढं काय त्यात?" म्हणून ढकलू नये. काही मुलांना मैत्रिणींबरोबर जायचेच असते आणि घरचे अडवतात. त्यांना नुसता नकार देऊ नये, कारण सांगावे. कारण सांगता आले नाही, तर आपल्या नकाराचा पुन्हा विचार करावा.

त्या मुलीचे पुढे काय झाले

आम्ही शेवटी तिला विचारले, "तुला काय वाटतं?" ती म्हणाली, "मला गाथा मंदिर बघायचंय. आळंदीलाही जायचंय. फक्त मला पाया पडायचं नाहीये, आणि ते मॅडमना सांगायला भीती वाटते." तिची भीती देवळाची नव्हतीच. एकटे पडण्याची होती. पप्पांनी रात्रपाळी संपवून सकाळी शाळेत जाऊन मॅडमना सांगितले. मॅडम म्हणाल्या, "एवढंच ना? ती माझ्यासोबत राहील." आजी मात्र शेवटपर्यंत नाखूश होती, पण सहलीच्या दिवशी डबा तिनेच भरला.

मुलगी रांगेतून गेली, समाधीपाशी शांत उभी राहिली आणि बाहेर आली. बाहेर एका वृद्ध वारकरी आजींनी मायेने सर्व मुलींच्या कपाळी बुक्का लावला. हिला काही बोलायला वेळच मिळाला नाही. पुढच्या रविवारी तिने दबक्या आवाजात विचारले, "टीचर, ते पाप झालं का?"

आम्ही सांगितले, "नाही बाळा. पाप जाणूनबुजून, मनाने होकार देऊन होते. त्या आजींनी तुला माया दिली. तू काय केलंस?" ती म्हणाली, "मी थँक्यू म्हटलं. आणि घरी आल्यावर क्रुसाची खूण केली."

आम्हांला याहून चांगले उत्तर सुचले नसते.

कुटुंबात चर्चेसाठी

१. आपल्या मुलाला शाळेत किंवा सहलीत श्रद्धेवरून कधी अवघड वाटले आहे का? आज जेवताना त्याला विचारा आणि मध्ये न बोलता ऐका.

२. पाहणे, मान राखणे, उपासना करणे: येत्या सहलीच्या ठिकाणी या तिन्ही गोष्टी कोणत्या असतील, याची मुलांबरोबर यादी करा.

३. आपल्या ओळखीचे दुसऱ्या धर्माचे मूल आपल्या चर्चमध्ये आले, तर त्याला अवघड वाटू नये म्हणून आपण काय कराल?

प्रार्थना: हे प्रभू येशू, तूही बाराव्या वर्षी प्रवासाला निघाला होतास. आमची मुले जेथे जातील तेथे त्यांच्याबरोबर राहा. त्यांना डोळे उघडे ठेवायला, इतरांचा मान राखायला आणि तुझ्यावरचा विश्वास न लाजता जपायला शिकव. आणि आम्हां वडीलधाऱ्यांना त्यांचे ऐकून घेण्याचे धैर्य दे. आमेन.